गोठ्यावर उघडणाऱ्या खिडक्या

पुण्याच्या कडेला, सूसला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवस उजाडतो तो टँकरच्या मेसेजने. टँकर आला का, आला तर आधी कुठल्या बिल्डिंगला लागला, आणि ड्रायव्हरला चहा कोणी पाजला म्हणून तो तिकडे आधी लागला. दहाच्या सुमाराला लिफ्ट बंद पडते, दुपारी भटक्या कुत्र्यांवर चर्चा होते आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणाऱ्याचा उद्धार होतो. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. फोन सारखा वाजत राहिला की माझं डोकं फिरतं, पण ग्रुप काही सोडवत नाही. या ग्रुपवर दोन माणसांचं एकमत झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एकाच बाबतीत ते व्हायचं. मागचा गोठा नको, यावर सगळे एक होते.

गोठा आमच्या मागच्या भिंतीला लागूनच आहे. पत्र्याचं छप्पर, एक शेवग्याचं झाड, कडब्याची गंजी, शेणाचा ढीग आणि दोन म्हशी. आमच्या बिल्डिंगच्या एका बाजूच्या चार घरांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या थेट त्या गोठ्यावर उघडतात, त्यातली दुसऱ्या मजल्यावरची खिडकी माझी. फ्लॅट बघायला आलो तेव्हा बिल्डरच्या माणसाने ती खिडकी उघडलीच नव्हती. राहायला आल्यावर मी उघडली, तर खालून एक म्हातारी बाई मान वर करून माझ्याकडे बघत होती.

"दुसरा मजला व्हय?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मंग आमच्या तोडलेल्या आंब्याच्या शेंड्याला ऱ्हाताय तुमी. खाली गाड्या लावत्यात ना, तितं माझं खळं व्हतं."

ह्या मावशी. आमची सोसायटी उभी आहे ती सगळी जमीन त्यांच्या घरची. नवरा असतानाच ती विकली गेली, मुलांनी रस्त्याच्या कडेला खोल्या बांधून हिंजवडीला जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिल्या. गोठ्याचा तुकडा तेवढा मावशींनी विकू दिला नाही. कुठल्या घरात कोण राहतं हे त्यांना नावानिशी ठाऊक नव्हतं, पण कोण कशाच्या जागेवर राहतं हे पक्कं ठाऊक होतं. आमचे सेक्रेटरी विहिरीवर राहतात, असं त्या सांगत. सेक्रेटरींना ते फारसं आवडत नसे.

मी पिंपरीच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. दूध म्हणजे पिशवी, एवढंच मला माहीत. मावशींकडून दूध घ्यायला लागले ते केवळ आळसाने, कारण खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडली की त्यात भरलेली किटली यायची. मागाहून त्याची चव लागली. त्याहून जास्त चव लागली ती त्यांच्या बोलण्याची. त्या मला मास्तरीणबाई म्हणायच्या आणि शिकवणीच्या पोरांच्या पाढ्यांचा आवाज ऐकून खालून शेरे मारायच्या. "तेराचा पाढा आजबी चुकला वो!" मुलं लाजायची. बहुतेक वेळा पाढा खरंच चुकलेला असायचा.

माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर काकू राहतात. त्या शहरातल्या पेठेतून इथे मुलाकडे आल्या. त्यांचं बोलणं स्वच्छ, साडी स्वच्छ, ओटा इतका स्वच्छ की त्यावर काही ठेवायची भीती वाटते. मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात, घरात काकू आणि नुकती चालायला लागलेली नात. गोठ्याविरुद्धची मोहीम काकूंचीच. त्यांची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. वास येत होता. माश्या तर इतक्या, की नातीच्या ताटलीवर एका हाताने पदर हलवत दुसऱ्या हाताने तिला भरवावं लागायचं. पोरीला पोटाचा त्रास दोनदा झाला तेव्हा काकूंचा संयम सुटला.

एका रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून मीटिंग झाली. महापालिकेकडे गोठा हटवण्यासाठी अर्ज द्यायचा, आणि त्यावर आधी गोठ्यावर खिडकी असलेल्या चार घरांनी सह्या करायच्या, असं ठरलं. तीन घरांनी केल्या. मी केली नाही.

"तुम्हाला खिडकीत दूध मिळतं, म्हणून तुमचं नाक बंद झालंय," काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या.

"आणि तुमचं इतकं चालू आहे, तर तुमच्याच खालच्या गटाराचा वास कसा येत नाही?" मी म्हटलं.

नवऱ्याने माझी ओढणी मागून ओढली. माझं हे असंच होतं, तोंड उघडलं की आधी शेवटचं वाक्य बाहेर पडतं. त्यानंतर लिफ्टमध्ये काकू आणि मी एकत्र आलो की दोघीही मजल्यांचे आकडे अशा वाचायचो की जणू आज नवीनच लागलेत.

अर्ज पुढच्या मीटिंगनंतर जाणार होता, पण बातमी संध्याकाळच्या आत भिंतीपलीकडे गेली. आमचा वॉचमन मावशींचा भाचा लागतो. दुसऱ्या दिवशी मावशींचा थोरला मुलगा आमच्या गेटवर आला. मला वाटलं भांडायला आला. तो सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, अर्ज द्याच तुमी. मी कवाधरनं आयेला सांगतोय, म्हशी इकू आन हितं खोल्या काढू. ती ऐकतच न्हाई. तुमचा अर्ज आला की मला बोलाया जागा व्हईल." सेक्रेटरींनी ते मोठ्या आनंदाने ग्रुपवर टाकलं. मी ते वाचून खिडकी उघडली. मावशी खाली धाकट्या म्हशीच्या अंगावरून हात फिरवत उभ्या होत्या. ती गाभण होती, पहिल्यांदाच.

त्यांना सगळं कळलं होतं. त्या मला एवढंच म्हणाल्या, "माझ्या म्हशी गेल्या तर मी सकाळी कशाला उठू, ते सांगा." आणि उत्तराची वाट न बघता पाण्याची बादली उचलून आत गेल्या. त्यांच्यासाठी सगळा प्रश्न तेवढाच होता, आणि त्याचा निकाल आमच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर लागणार होता.

पुढच्या आठवड्यात धाकटी व्यायली. पारडी झाली. सकाळी खिडकीतून बघितलं तर काळं ओलं रेडकू पायांची जुळवाजुळव करत होतं आणि मावशी त्याला शिव्या घालत होत्या, त्यात इतकं प्रेम होतं की मी शिकवणी पाच मिनिटं थांबवून मुलांना खिडकीत उभं केलं.

दुपारी दाराची बेल वाजली. दारात मावशी, नवीन लुगडं नेसलेल्या, आणि हातात झाकण घातलेल्या दोन पितळी चरव्या. भाचा मागे आणखी दोन घेऊन उभा. "चीक हाय," त्या म्हणाल्या. "पयल्या धारंचा. खरवस करा." त्यांनी एक चरवी माझ्या हातात दिली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टमधून जायला त्यांना फार आवडायचं.

"वर कुठे चाललात?" मी विचारलं.

"त्या काकूकडं. आन खालच्या दोन घरी."

मी म्हटलं, "मावशी, त्यांनी सह्या केल्यात अर्जावर."

"त्या करू द्या. चीक शेजाऱ्याला द्यायचा अस्तोय. ज्याच्या खिडकीतनं माझा गोठा दिसतोय, त्यो माझा शेजारी. दुसरं कोन हाय मला?"

लिफ्टचं दार बंद झालं. मी चरवी हातात धरून उभी राहिले आणि वरच्या मजल्यावरचं बोलणं ऐकायला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पण त्या संध्याकाळी आमच्या बाजूच्या चारही स्वयंपाकघरांतून वेलदोडा आणि जायफळाचा वास येत होता. मला खरवस करता येत नव्हता. मी मोबाइलवर बघून केला आणि तो पहिल्यांदा रबर झाला. काकूंच्या खरवसाचा फोटो ग्रुपवर आला. केशर घातलेला, सुरीने चौकोनी कापलेला. त्याला बदामाच्या आकाराची खूप चिन्हं मिळाली. त्या दिवशी ग्रुपवर कुणी गोठ्याचं नाव काढलं नाही.

आता घडलं ते असं. चारही घरांनी चरव्या परत केल्या, आणि उत्तम रीतीभातीच्या माणसांनी कराव्या तशाच केल्या. मी साबणाने घासून, फडक्याने कोरडी करून दिली. खालच्या दोघींनीही तसंच केलं. काकूंनी तर चिंच आणि मीठ लावून ती जुनी पितळी चरवी इतकी उजळली की भाचा ती घेऊन उन्हातून जाताना माझे डोळे दिपले. दुसऱ्याचं भांडं आपण घेतलं त्याहून चांगलं करून द्यावं, असं काकूंना वाटतं. त्यात त्यांचा काडीचाही वाईट हेतू नव्हता, माझाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी सोडली तर किटली रिकामीच वर आली. खाली मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि चारही खिडक्यांना एकदम बोलत होत्या.

"माझ्या म्हशीचा पान्हा धुतला तुमी! चारी घरांनी धुतला! एकीला तरी अक्कल पायजे व्हती!"

खिडक्या उघडल्या. काकूही वाकून बघायला लागल्या. मावशींनी रागारागात सांगितलं ते माझ्या हळूहळू ध्यानात आलं. चिकाची चरवी कधी धुवायची नसते. हाय तशी द्यायची, तळाला मूठभर दाणे नाहीतर गुळाचा खडा टाकून. धुतली की म्हशीची कास आटते. धाकटी सकाळपासून पान्हा सोडत नव्हती. रेडकू ढुशा मारून दमलं होतं, त्याला थोरलीचं दूध बाटलीने पाजावं लागलं होतं.

"मावशी, तुम्ही आधी सांगायचं तरी!" मी वरून ओरडले.

"त्यात सांगायचं काय? हे काय सांगायचं अस्तंय व्हय?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि आश्चर्य जास्त होतं. जन्मभर त्यांना कधी हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. चरवी धुणारी माणसं त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

ग्रुपवर मग जी जुंपली ती काय सांगू. सी बिल्डिंगमधल्या एका आयटीवाल्याने लिहिलं, गाईज, लेट्स बी रॅशनल. कुणी अंधश्रद्धा म्हटलं, कुणी हसण्याची चिन्हं टाकली. एका बाईंनी खरवसाची रेसिपी विचारली. गुरांचे डॉक्टर दुपारी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, पहिलटकरीण आहे, बिचकली आहे. शेजारच्या प्लॉटवर बोअर मारायचं काम दोन दिवसांपासून चालू होतं, त्या धडधडीने आमच्याच खिडकीच्या काचा थरथरत होत्या. त्यामुळे म्हैस घाबरली असणार हे मलाही पटलं. मावशींना पटलं नाही. त्यांच्या लेखी मशीन हे मशीन होतं, आणि चरवी ही चरवी होती.

थोरल्या मुलाला मात्र कारणाशी देणंघेणं नव्हतं. म्हैस आटली, वर सोसायटीचा अर्ज तयार. त्याने दोन दिवसांनी येणाऱ्या चाकणच्या गुरांच्या बाजारासाठी टेम्पो ठरवून टाकला, दोन्ही म्हशींसाठी.

भाच्याकडून हे कळल्यावर मी शिकवणी लवकर सोडली आणि पहिल्यांदाच भिंतीला वळसा घालून गोठ्यात गेले. इतकी वर्षं वरूनच बघत होते. आतून गोठा वेगळाच होता, सारवलेला, अंधारा आणि थंड. मावशी खाली बसून रेडकाला बाटली पाजत होत्या.

"आता काय करायचं, मावशी?"

"पोरगं म्हनतंय आराम कर. आराम म्हंजी काय अस्तंय ते मला म्हाईत न्हाई. त्याच्या खोल्यांच्या पायरीवर बसून त्या पोरांचं बूट मोजू?" त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मी इकनार न्हाई म्हनलं तर त्यो इकनार न्हाई, तेवढा ऐकतोय अजून. पन तुमी समदी एका बाजूला, त्यो त्याच बाजूला. मंग मीच हट्टी ठरती ना?"

"चरवीवर काही उपाय नाही का?"

रेडकाच्या तोंडातली रिकामी बाटली काढत त्या म्हणाल्या, "ज्या हातांनी धुतलं, त्या हातांनी दाना घालायचा तिला. चौघींनी. पन त्या काय येत्यात हितं?"

मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. मीटिंगनंतर काकूंच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, हातात नातीचा चमचा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे मी भांडं घासून दिलं, ही माझी चूक?" काकूंचा आवाज चढला. "आमच्या घरात उष्टं भांडं परत देत नाहीत. कधीच दिलं नाही. आणि म्हैस भांड्याने आटते, हे तुम्ही गणित शिकवणाऱ्या बाई मला सांगताय?"

"मी काही सांगत नाही. मावशी म्हणतात ते सांगितलं."

"त्या आल्या होत्या इथे," काकू एकदम म्हणाल्या, थोड्या खालच्या आवाजात. "मला वाटलं अर्जाबद्दल बोलायला आल्या. मी तयारीतच होते. तर त्यांनी चरवी दिली, हिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, पोर गोड हाय. मला पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही हो." चमचा त्यांनी ओट्यावर ठेवला. "माझा यावर विश्वास नाही. पण त्यांचा आहे, आणि चरवी त्यांची होती. गूळ किती घेऊ?"

मला त्या क्षणी काकू इतक्या आवडल्या की मी काहीच बोलले नाही, आणि माझ्या बाबतीत हे फार क्वचित होतं.

खालच्या दोघींना बोलावलं. आम्ही चौघी गहू आणि गूळ घेऊन गोठ्याकडे निघालो, काकू पुढे, कडेवर नात, नाकाला पदर. सोसायटीच्या भिंतीच्या कोपऱ्यावरून जाताना त्या अचानक थांबल्या. तिथे आमचे ओल्या कचऱ्याचे ड्रम ओळीने ठेवलेले आहेत, खत करण्यासाठी. मोठ्या उत्साहाने घेतले होते, नंतर कुणी झाकणं लावायची तसदी घेत नव्हतं. काकूंनी पदर नाकावरून काढला आणि एका ड्रमवर हलवला. माश्यांचा जो ढग उठला तो बघून मी दोन पावलं मागे सरले.

"ह्या आपल्याच आहेत," काकू म्हणाल्या. त्यांनी वर आपल्या खिडकीकडे बघितलं, मग ड्रमकडे, मग पुन्हा खिडकीकडे. खिडकी नेमकी त्याच रेषेत होती. "शी! आपल्याच आहेत ह्या!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की वॉचमन धावत आला, आणि झाकणं कुठे आहेत म्हणून त्याची पाचावर धारण बसली. वास मात्र गोठ्याचाच होता, तो तेव्हाही येत होता. काकूंनी तेही प्रामाणिकपणे बोलून दाखवलं.

मावशी आम्हा चौघींना बघून उठून उभ्या राहिल्या. आधी मी दाणा घातला, मग खालच्या दोघींनी. काकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी गुळाचा खडा दोन बोटांच्या चिमटीत धरून लांबून पुढे केला.

"तसं न्हाई. हात उघडा," मावशी म्हणाल्या. "चावत न्हाई ती. तिला काय अर्ज द्यायचा न्हाई."

काकू हसल्या. मी त्यांना तशा हसताना आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तळहात पसरला. म्हशीने गूळ घेतला आणि मग पुन्हा पुन्हा हात चाटत राहिली, आणि काकूंची नात टाळ्या वाजवून नाचायला लागली. काकूंनी हात मागे घेतला नाही. म्हशीच्या कानामागून हळूच दुसरा हात फिरवला.

"मऊ असते हो," त्या मला म्हणाल्या, जणू मी कधी नाही म्हटलं होतं.

त्यानंतर तासभर तिथे बोलणं चाललं, आणि तसं बोलणं आमच्या एकाही मीटिंगमध्ये झालेलं नाही. शेणाचा ढीग भिंतीपासून हलवून शेवग्याच्या पलीकडे न्यायला मावशी एका शब्दात तयार झाल्या. "आधी बोलला असता तर कवाच हालवला असता," त्या म्हणाल्या. सोसायटीच्या बागेला खत विकत आणतात हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. काकू प्रत्येक गोष्ट बोटांवर मोजून ठेवत होत्या. पण टेम्पो ठरलेला होताच, आणि त्याबद्दल मावशींपुढे बोलायचा धीर आमच्यापैकी कुणालाच झाला नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी हॉर्नच्या आवाजाने मी खिडकीत गेले. गोठ्याकडे जाणारी बोळ आमच्या बाजूच्या गेटसमोरून जाते आणि एका वेळी एकच गाडी मावते. टेम्पो तिथे अडला होता. त्याच्यापुढे एक पांढरी गाडी आडवी लावलेली होती, काकूंच्या मुलाची. त्यांची जागा पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, आणि दुसऱ्याच्या वाटेत गाडी लावणाऱ्यांना ग्रुपवर सगळ्यात जास्त झापतात त्या काकूच.

थोरला खालून हाका मारत होता. "ओ काकू! गाडी काढा की जरा!"

"किल्ली सापडत नाहीये," काकू वरून म्हणाल्या.

मी खाली धावले. लिफ्टची वाटच बघितली नाही. मी पोचेपर्यंत काकूही नातीला कडेवर घेऊन खाली आल्या होत्या, आणि किल्ली त्यांच्या हातातच होती, सगळ्यांना दिसेल अशी.

"काकू, किल्ली तर हातातच हाय तुमच्या," थोरला म्हणाला.

"आहे. आधी ऐकून घे. मी काल सेक्रेटरींना सांगितलंय, अर्जावरची माझी सही काढा. खालच्या दोन्ही घरांनी काढली. आता अर्ज जाणार नाही. तुला म्हशी विकायच्या असतील तर तुझ्या नावावर विक. आमचं नाव पुढे करून नाही."

थोरल्याचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नाही, आईचं सगळं नीट बघतो, तिच्या गुडघ्यांची त्याला खरी काळजी आहे. तो म्हणाला, "अवो पन काकू, म्हस दूधच देत न्हाई. आटलेली म्हस बांधून ठेवून करू काय? आन आयेचं वय बघा."

तेवढ्यात मावशी गोठ्याच्या दारात आल्या. त्यांच्या हातात कासंडी होती, दूध काढायचं भांडं. त्यांनी ते लेकापुढे तिरपं करून दाखवलं. तळाला दूध होतं, जेमतेम.

"काल सांजच्याला सोडला तिनं पान्हा. आज बी थोडा दिलाय," त्या म्हणाल्या.

बोअरचं मशीन आदल्या दिवशी दुपारीच काम आटोपून गेलं होतं. कशाने झालं ते मला विचारू नका. काकूंनीही मला विचारलं नाही, मीही त्यांना नाही.

"मंग काल बोलली का न्हाईस?" थोरला म्हणाला.

"बोलनार व्हते. मंग म्हनलं, कशाला? दूध दिलं म्हनून ठेवायची, आन न्हाई दिलं म्हनून इकायची?" मावशींनी कासंडी खाली ठेवली. "तसं असंल तर मला बी घाल त्या टेम्पोत. मी तरी काय देतीया आता तुला?"

टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. भाचा गेटला धरून उभा राहिला होता. काकूंनी नातीचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं आणि दुसरीकडे बघायला लागल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती लपवली नाही. थोरल्याने हातातलं दावं हळूहळू गुंडाळलं, मग सोडलं, मग पुन्हा गुंडाळलं.

"आये," तो शेवटी म्हणाला, "तुला काय पायजे ते सांग. मी इचारलंच न्हाई कदी."

मावशींनी पदराने नाक पुसलं. एकदा टेम्पोकडे बघितलं, एकदा कडब्याच्या संपत आलेल्या गंजीकडे.

"टेम्पो आलाच हाय," त्या म्हणाल्या, "तर मोकळा कशाला धाडतूस? पौडाकडनं कडबा घिऊन ये."

थोरला हसला की रडला ते मला नीट दिसलं नाही. तो टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. आणि काकू, नातीला माझ्या कडेवर देऊन, गाडी काढायला गेल्या.